मॉइस्ट लिपविग सुधारला का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी फँटसी कादंबरीमालिकेत मॉइस्ट फॉन लिपविग हा भामटा अवतरला तो २००४ साली, ३३व्या कादंबरीत. मालिका तेव्हा २१ वर्षांची होती आणि वाचकांची लाडकी पात्रं कधीच ठरून गेलेली होती. तरीही 'गोइंग पोस्टल'ने त्याला पहिल्या फटक्यात जागा मिळवून दिली.

याचं श्रेय त्या पुस्तकातल्या हिशेबाला जातं. फासावरून उतरवलेल्या मॉइस्टला शहराचा सत्ताधीश व्हेटिनारी बंद पडलेलं पोस्ट चालवायला देतो. नको असेल तर दार उघडं आहे. फक्त त्यापलीकडे खोल खड्डा आहे. पाळतीला मिस्टर पंप नावाचा गोलेम, म्हणजे मातीचा चालता-बोलता पुतळा. 'मी कधी कुणावर हत्यार उचललं नाही' ही मॉइस्टची फुशारकी हा गोलेम एका आकड्यात संपवतो: तुझ्या फसवणुकींनी २.३३८ माणसं मेली. पुढे मॉइस्ट जिच्या प्रेमात पडतो त्या अडोरा बेलची बँकेतली नोकरीही त्यानेच बनवलेल्या खोट्या हुंडी-कागदांमुळे गेलेली असते. विनोदी कादंबरीत नायकाची इतकी चोख वसुली क्वचितच होते.

वाद पेटतो तो दीड लाख डॉलर्सवरून. पोस्टाची इमारत जळते, तेव्हा मॉइस्ट चारचौघांत देवांचा धावा करतो आणि स्वतःच पुरून ठेवलेली लुटीची रक्कम 'दैवी कृपा' म्हणून उकरून काढतो. काहींच्या मते ही परतफेड. इतर विचारतात, मूळ मालकांना काय मिळालं, आणि शहराला पुन्हा गंडवलंच ना? दुसरी बाजू जास्त बरोबर आहे. मॉइस्टचा स्वभाव बदललेला नाही, त्याची हातचलाखी कुणाच्या कामी येते एवढंच बदललं आहे, आणि व्हेटिनारीला तेवढंच हवं असतं.

तंत्रज्ञ वाचक मात्र याच पुस्तकातल्या क्लॅक्सवर लुब्ध झाले. मनोऱ्या-मनोऱ्यांतून दृश्य खुणांनी निरोप धाडणारी ही यंत्रणा क्लोद शाप यांच्या फ्रेंच तारयंत्राची सख्खी बहीण. शाप यांची पॅरिस-लील ओळ १७९४ची. तिच्यातही घुसखोरी झाली होती: १८३४ ते १८३६ या काळात ब्लाँ बंधूंनी तूर या फ्रेंच शहरातल्या तार-कर्मचाऱ्याला लाच देऊन सरकारी संदेशांत मुद्दाम एक चूक आणि लगेच ती खोडण्याची खूण घुसवली. अधिकृत प्रतीत ती चूक उरत नसे, पण बोर्दोजवळ मनोऱ्यावर डोळा ठेवून बसलेल्या त्यांच्या माणसाला पॅरिसच्या शेअर बाजाराचा कल आधीच कळे.

क्लॅक्सवर मेलेल्या कामगाराचं नाव 'जीएनयू' या खुणेसह फिरत राहतं: पुढे पाठवा, नोंद करू नका, ओळ संपली की परत फिरवा. १२ मार्च २०१५ला प्रॅचेट गेले आणि वाचकांनी हीच युक्ती इंटरनेटवर आणली. संकेतस्थळाच्या सर्व्हरने प्रत्येक पानासोबत 'एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड' हा हेडर (पानाआधी जाणारी माहितीची ओळ) पाठवायचा, त्यात 'जीएनयू टेरी प्रॅचेट'. पानावर तो दिसत नाही, ब्राउझरची तपासणी-खिडकी उघडली तरच सापडतो.

मॉइस्टचं दुसरं पुस्तक, बँकेवरचं 'मेकिंग मनी', सप्टेंबर २००७मध्ये आलं, नेमकं ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या त्याच महिन्यात. कागदी नोटेमागे सोनं कशाला हवं, हा पुस्तकातला प्रश्न त्यामुळे भलताच ताजा वाटला. त्यातल्या बँकेच्या तळघरातलं 'ग्लूपर' हे शहराच्या अर्थव्यवस्थेची नक्कल करणारं नळ्या-टाक्यांचं यंत्रही निव्वळ कल्पना नाही. बिल फिलिप्स यांनी १९४९मध्ये लंडनमध्ये पाण्याच्या प्रवाहावर चालणारं अर्थव्यवस्थेचं प्रतिरूप खरोखर बनवलं होतं. २००८चा सर्वोत्तम फँटसी कादंबरीचा लोकस पुरस्कार या पुस्तकाला मिळाला, तरी तक्रार टिकून आहे: साचा तोच. ती खोटी नाही. पहिल्या पुस्तकातला खलनायक रीचर गिल्ट हा मॉइस्टचीच मोठी, निर्लज्ज आवृत्ती होता. इथला कॉस्मो लॅव्हिश व्हेटिनारी होण्याच्या वेडाने झपाटलेला, त्यामुळे भामट्याला तोडीस तोड भामटा उरत नाही.

मॉइस्टच्या तिसऱ्या, रेल्वेवरच्या २०१३च्या 'रेझिंग स्टीम'वर प्रतिक्रिया सर्वांत कडू-गोड. सगळी पात्रं एकाच सुरात बोलतात, भाषणं लांबतात, मॉइस्टला कुणाला फसवायची गरजच पडत नाही. अनेक वाचक याचं खापर अल्झायमरवर फोडतात. २००७च्या डिसेंबरात प्रॅचेट यांनी तो आजार जाहीर केला होता आणि पुढे ते मजकूर बोलून उतरवत. पण नायकाची जोखीम कमी होत जाणं आजार जाहीर होण्याआधीच्या दुसऱ्या पुस्तकातही दिसतं, म्हणून सगळा दोष दुखण्याला देणं घाईचं.

त्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी व्हेटिनारीची नजर करखात्याकडे वळते. वाचक वर्षानुवर्षं त्या कादंबरीची वाट पाहत राहिले. आली ती रेल्वेची. अपूर्ण लेखन असलेली प्रॅचेट यांची हार्डडिस्क त्यांच्याच इच्छेनुसार २५ ऑगस्ट २०१७ रोजी डॉर्सेटच्या वाफयंत्रांच्या जत्रेत स्टीमरोलरखाली चिरडण्यात आली.