सशस्त्र जबरी चोरीत बघ्याने मध्ये पडावे का? पार्श्वभूमी

पेशवाईत हा प्रश्न एकट्या माणसाला पडतच नव्हता. चोरी झाली की गावच्या जागल्याने (राखणदाराने) चोराचा माग शिवेपर्यंत काढायचा आणि पुढच्या गावाच्या हवाली करायचा. माग जिथे तुटेल, त्या गावाने भरपाई द्यायची. शौर्याची सक्ती नव्हती, पण अंग काढून घेण्याचीही सोय नव्हती.

इंग्रजी अमलात ही सामूहिक जोखीम मागे पडली आणि व्यक्तीचा हक्क पुढे आला. दरोडेखोरांचा जाच इथले लोक मुकाट सोसतात, ही कायदा आयोगाचा प्रमुख मेकॉले याच्या १८३७ च्या दंडसंहिता मसुद्यातली तक्रार. स्वसंरक्षणावर बंधने वाढवण्यापेक्षा लोकांत हिंमत आणावी, असे त्याचे म्हणणे. म्हणूनच १८६० च्या दंडसंहितेने दुसऱ्याचा जीव आणि मालमत्ता वाचवण्याचाही हक्क दिला. पुढे १८७८ मध्ये सरकारने शस्त्र कायदा आणून याच लोकांची हत्यारे परवान्याखाली घातली. हिंमत दाखवा, पण रिकाम्या हातांनी!

तोच साचा आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जबरी चोरी रोखताना वेळ आली तर चोराचा जीव गेला तरी हा बचाव मिळू शकतो (कलम ४१). मात्र पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता का आणि बळ गरजेपुरतेच वापरले का, हे कलम ३७ खाली तपासले जाते. प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही, हे न्यायालयांनाही मान्य आहे; २०१० च्या दर्शन सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काकडे उदारपणेच पाहिले.

बहुतेक जण चुकतात ते वेळेत. चोर मारहाण करतोय, कुणाला अडवून धरतोय किंवा तत्काळ जिवाची, इजेची किंवा अडवले जाण्याची भीती आहे, तोवरच जबरी चोरीपुरता हा हक्क चालतो (कलम ४३). पकडून, हात बांधून झाल्यावर मारलेला फटका हा सरळ गुन्हा. डोळ्यांदेखत जबरी चोरीसारखा गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावे लागते (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०). जमाव हे विसरला की काय होते, ते १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचलेत दिसले: चोर समजून तिघांना ठार मारले गेले, आणि ते चोर नव्हतेच.

मध्ये पडण्याचे बंधन सामान्य बघ्यावर नाही, कळवण्याचे आहे. जबरी चोरी किंवा दरोडा कळल्यावर सबळ कारणाशिवाय गप्प राहणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ ला चालत नाही. समोर पिस्तूल असेल तर आमच्या मते चोराची बाहेर पडायची वाट अडवू नये. कोंडलेला चोर गोळी चालवण्याची शक्यता वाढते. आडोशाला जाऊन ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावावा आणि ठिकाण, माणसे किती, हत्यार कोणते, गाडीचा नंबर, पळाले ती दिशा सांगावी. कपडे बदलतात, म्हणून बूट आणि चाल लक्षात ठेवावी.

मदतीला धावणाऱ्याला दाव्यांपासून वाचवणारे मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ २०१९ मध्ये आले, पण ते रस्ते अपघातापुरतेच आहे. चोराशी झटापट करणाऱ्याला आधार आहे तो १८६० पासून चालत आलेल्या हक्काचाच.