गोधडीची पार्श्वभूमी: जुनेर गेलं कुठे?

हिवाळ्यात पुण्याच्या भीमथडी जत्रेत किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गोधड्यांच्या स्टॉलपाशी जरा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "आमच्या आजीकडे अशा ढीगभर होत्या." लगेच दुसरं, "कुठे गेल्या कोण जाणे." हा प्रश्न कुणी उत्तरासाठी विचारत नाही, पण त्याला उत्तर आहे. ते शोधायचं तर गोधडीपेक्षा तिच्या पोटात जाणाऱ्या कापडाकडे बघावं लागतं. घरात जुनं कापड किती साठायचं, कोणत्या जातीचं असायचं आणि त्याला दुसरं गिऱ्हाईक होतं की नव्हतं, यावर गोधडीचं सगळं अवलंबून राहिलं. कला, वारसा, हस्तकौशल्य हे शब्द तिला फार उशिरा चिकटले.

गोधडी म्हणजे लुगड्याची शेवटून दुसरी नोकरी. नवं लुगडं सणावाराला, मग रोजच्या वापराला, मग शेतात. तिथे विटलं की ते जुनेर. जुनेराची गोधडी व्हायची, त्यातल्या त्यात मऊ तुकड्यांची बाळासाठी दुपटी आणि कुंच्या. गोधडी वापरून विरली की बैलगाडीत अंथरायला, तिथूनही उतरली की चुलीपाशी पोतेरं. या वाटेवर कुठेच ती जपून ठेवायची वस्तू नव्हती. म्हणून दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या पैठण्या, शेले, पागोटी आज बघायला मिळतात, तशी गोधडी मिळत नाही. त्यात 1896-97 च्या प्लेगने भर घातली. मुंबईत आणि पुण्यात घरं तपासताना रोग्यांची अंथरुणं-पांघरुणं बाहेर काढून जाळली जात होती. गरिबाघरचं अंथरूण-पांघरूण म्हणजे दुसरं काय असणार!

वस्तू उरली नाही तरी तिच्या खुणा मात्र आहेत. सातारा-कोल्हापूरकडे जिला वाकळ म्हणतात, ती थेट विठोबाच्या खांद्यावर जाऊन बसली आहे. जनाबाईच्या घरी दळायला आलेला देव पहाटे काकडआरतीच्या घाईत स्वतःचं पदक तिथेच विसरतो आणि शेल्याऐवजी तिची वाकळ पांघरून राउळात परततो. बडवे बघतात तर पदक गायब आणि अंगावर वाकळ. आळ जनीवर, शिक्षा सुळाची, आणि शेवटी सुळाचं पाणी. महिपतींनी 1762 मध्ये पुरा केलेल्या 'भक्तविजया'त ही कथा आहे. मला यात चमत्कारापेक्षा गंमत वाटते ती पुराव्याची. वाकळ बघताक्षणी ती मोलकरणीच्या घरची आहे हे देवळातल्या सगळ्यांना कळतं, कुणाला विचारावं लागत नाही. म्हणजे अठराव्या शतकातल्या श्रोत्याला वाकळ हे गरिबीचं ओळखपत्र म्हणून पक्कं ठाऊक होतं. पुढे गाडगेबाबांनी (1876-1956) चिंध्या जोडलेला अंगरखा मुद्दाम घातला, लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. तेव्हाही ती खूण तशीच वाचली जात होती.

आता शिवणकामाकडे. उन्हाळ्यात शेतीची कामं सरली की पावसाळ्याच्या आत गोधड्या उरकायच्या, हा रिवाज. त्याचा हिशेब नऊवारीवर बसवलेला होता. नऊवारी म्हणजे साधारण 8 मीटर कापड. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे करायचे, दोन-दोन शेजारी जोडायचे, की एका लुगड्यात गोधडीची दोन्ही अंगं निघतात, वर काठ आपोआप चौकटीसारखे येतात. खालचं अंग सारवलेल्या जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या असं काही जड ठेवायचं. मधल्या थरांत धोतरं, पंचे, परकर, झंपरांचे तुकडे, विटलेले चालतील पण विरलेले नकोत. खरं कसब या थरांत आहे, वरच्या नक्षीत नाही. तुकडा तुकड्यावर चढला तर तिथे उंचवटा येऊन पाठीला बोचतो, दोघांत फट राहिली तर तिथून गारठा शिरतो. म्हणून कडा जेमतेम भिडवत न्यायच्या. मग वरचं अंग घालून लांब टाक्यांनी सगळं टाचून घ्यायचं, आणि चार बाजूंना चौघी बसून काठाकडून मध्याकडे धावदोरा घालत यायचं, चौकोनात चौकोन. दोरा दुहेरी, सुई मोठी, थर जाड झाले तर दाभण. चौघींच्या टाक्यांची लांबी चार तऱ्हेची. जाणती बाई नुसता हात फिरवून कोणती बाजू कुणाची हे सांगते.

थर पसरले की घरातलं मांजर बरोब्बर मध्यभागी येऊन बसतं. हा नियम मी अजून मोडलेला पाहिला नाही. आमच्या मनीला उचलून ठेवलं की ती पलीकडच्या कोपऱ्यावरून, टाचलेल्या बाजूने, परत हजर. हवा धरून ठेवणारे सुती थर म्हणजे ऊब, हे तिला शिकवावं लागलं नाही.

एवढं कापड गरिबाच्या घरात जुनं होऊन साठलं कधी, हा पुढचा प्रश्न. हातमागाचं लुगडं महाग आणि मोजकं होतं. 1856 मध्ये मुंबईत ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी सुरू झाली, 1877 मध्ये नागपूरची एम्प्रेस मिल आणि सोलापूरची 'जुनी गिरणी'. गिरणीच्या कापडाने विणकरांचं काय केलं तो वेगळा आणि दुःखाचा विषय आहे, पण त्याच स्वस्त सुती कापडाने घराघरांत जुनेरांची रास वाढवली, आणि गिरणीच्याच रिळांनी शिवायला दोरा पुरवला. आजीच्या 'ढीगभर' गोधड्या या ढिगातून निघाल्या. आपण जिला युगानुयुगांची गावठी परंपरा समजतो, तिचा भरभराटीचा काळ बराचसा गिरण्यांच्या भोंग्याबरोबर चाललेला आहे.

मग दाराशी बोहारीण आली.

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई पूर्वीही होती, पण स्टीलची भांडी घराघरांत पोचली तशी तिची पाटी घराघरांतून पुकारली जाऊ लागली. बोहारणी बहुतेक गुजरातकडून आलेल्या वाघरी समाजाच्या. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत गाठोडं, वेळ दुपारची, घरातले पुरुष कामावर गेल्यानंतरची. पुढचा संवाद शहरात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे.

"बाई, या चार साड्यांत पातेलं नाही येणार."

"झाकणासकट दे, ही पँट घे वर."

"पँटीची चेन गेलीय."

"चेनीचं काय घेऊन बसलीस, कापड बघ!"

हा सौदा तासभर चाले आणि दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटून संपे. त्या गाठोड्यातले बरे कपडे धुऊन, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात जात. या धंद्याची दिल्लीतली मोठी मंडी रघुबीर नगरात भरते, तिथेही वाघरीच. विरलेलं सुती कापड कारखान्यांत यंत्रं पुसायला, खऱ्या जरीची साडी जाळून चांदी काढायला. गोधडीच्या घसरणीचा दोष लोक ब्लँकेटला देतात. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांच्या धाग्यातून होणारी स्वस्त ब्लँकेटं आली, सोलापुरी चादर होतीच, हे सगळं खरं. पण माझ्या मते पहिला घाव बोहारणीने घातला. जुनेराला तोवर घरात दुसरी किंमत नव्हती, आता त्याचं चकचकीत पातेलं होऊ लागलं. आठवडाभर मान मोडून गोधडी शिवायची की तासाभरात पातेलं घ्यायचं, यात बायांनी पातेलं निवडलं. मी तरी दुसरं काय केलं असतं? मुलीच्या रुखवतात गोधडी कुणी मांडत नव्हतं, स्टीलचे डबे मात्र रांगेने मांडले जात.

उरलंसुरलं काम कृत्रिम धाग्याने केलं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि अनेक गिरण्या पुन्हा धड चालल्याच नाहीत. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. दोन्ही गोष्टी एकाच साली होणं हा योगायोग, पण कपाटातला बदल त्यातून नेमका दिसतो. नायलॉन, टेरिकॉट आधीच शिरलेलं होतं. आता रोजची साडीही सुती राहिली नाही. सिंथेटिक साडी इस्त्रीवाचून चालते, वर्षानुवर्षं फाटत नाही, आणि म्हणूनच तिची गोधडी होत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपला जात नाही, थंडीत पांघरूण झटकलं की चटचट ठिणग्या. चुलीजवळ तर ठेवायलाच नको. त्याच सुमाराला नऊवारी मागे पडून पाचवारी रोजची झाली होती, त्यामुळे एका लुगड्यात दोन अंगं हा हिशेबही मोडला.

जुन्या वस्तूंचा बाजार ही या गोष्टीची दुसरी बाजू. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. कुलपं, पितळी नळ, पान्हे, घड्याळांची पोटं, चष्म्याच्या काड्या, आणि कपड्यांचे ढीग. मुंबईत भेंडीबाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवरच्या चोर बाजारात शुक्रवारची पहाट गाजलेली. वाडे पाडून इमारती उठू लागल्या तेव्हा माळ्यावरचं सामान या बाजारांतून वाहिलं. त्या लोंढ्यातून काय उचलावं याची नजर दिनकर केळकरांना होती. अडकित्ते, दिवे, दौती असल्या रोजच्या वस्तू त्यांनी हयातभर गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. आज जुन्या बाजारात शिवणयंत्राचे लोखंडी पाय दिसले की कॅफेवाले टेबलासाठी उचलतात. गोधडी शिवणाऱ्या ढिगात हात घालतात ते सुती चादर किंवा पातळ सापडतं का बघायला. त्यांची परीक्षा साधी आहे. कापड गालाला लावायचं, गार लागलं आणि सरकलं तर परत ढिगात.

गोधडी ज्यांची सुटलीच नाही, तेही लोक आहेत. बीडकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्यांवर आजही गोधड्यांचा गठ्ठा असतो. त्यावर पोरं, पाटीखाली कोंबड्या, मागे बांधलेली शेळी आणि गाडीच्या सावलीत चालणारं कुत्रं. कारखान्याच्या तळावर कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभी राहिली की सगळी बिऱ्हाडं त्याच गोधड्यांवर. करडू थंडीत आजारी पडलं तर त्यालाही त्यातलीच एक. इथे गोधडी हौसेची नाही की वारशाची नाही. उघड्यावर थंडी काढायला दुसरं काही परवडत नाही, एवढंच.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हळियाळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी समाजाच्या बायका याच जातीची कवंडी शिवतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेले आफ्रिकन गुलाम, तिथून निसटून घाटावर आलेले, असं मानलं जातं. त्या घरात कोकणीही बोलतात. कवंडीही काठाकडून आत शिवत नेतात, पण कोपऱ्यांना कापडाची छोटी त्रिकोणी 'फुलं' लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. रंग भडक, तुकडे आडवेतिडवे, आणि आपल्याकडच्या नेटक्या चौकटीपेक्षा मला त्या जास्त आवडतात. याच जातीचा बंगालचा कांथा मात्र बायकांच्या नक्षीकामामुळे आधीच नावाजला. गोधडीच्या वाट्याला ते आलं नाही, कारण तिची करामत आतल्या थरांत असते आणि ती दिसत नाही.

ती भिंतीवर टांगायची वस्तू आहे हे बाहेरून आलं. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने 1971 मध्ये अमेरिकन शेतकरी घरांतली ठिगळांची पांघरुणं चित्रांसारखी भिंतीवर लावली, आणि तिथे ती शिवण्याचा छंद आणि त्याची मंडळं पुन्हा फोफावली. तिकडे गेलेल्या मराठी बायकाही त्या मंडळांत शिरल्या, आईच्या साड्या घेऊन. इकडे बचत गटांनी गोधड्या प्रदर्शनांत मांडायला सुरुवात केली आणि शहरी गिऱ्हाईक परत आलं. यातल्या बऱ्याच 'गोधड्या' नव्या छापील कापडात कापूस किंवा फायबर भरून यंत्रावर शिवलेल्या असतात. वाईट नसतात, पण वजनाला हलक्या आणि सगळे टाके एकाच लांबीचे. पाळीव कुत्र्या-मांजरांसाठी छोट्या आकाराच्याही मिळतात. मनीने तसली एक आठवडाभर हुंगून सोडून दिली.

हाताने शिवणाऱ्या बायका आता बहुधा सांगतात की साड्या तुमच्या घरच्या आणा, आम्ही शिवणावळ घेऊ. कापडाचा तुटवडा त्यातून सुटतो. पण पाचवारीत एकच अंग निघतं, त्यामुळे साड्या दोन लागतात. लग्न झालेल्या घरात त्यातली एक आईची असते आणि एक सासूबाईंची. वरचं अंग कुणाचं ठेवायचं हे ऑर्डर देतानाच ठरवून या, असंही त्या बजावतात.