स्टिकचा जोर किती ठेवावा?

फोर्स फीडबॅक जॉयस्टिक, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवताना मोटरने हाताला जोर देणारी स्टिक, घरी नेली की बहुतेक जण सेटिंगमधला जोराचा स्लायडर सरळ 100 वर नेऊन ठेवतात. पैसे मोजलेत तर पुरेपूर जोर हवा, हे साहजिकच आहे. पण नेमकी त्यामुळेच विमानाची खरी जाणीव हाताला होत नाही.

सेस्ना 172 सारख्या विमानात हातातलं नियंत्रण तारांनी थेट एलिव्हेटरला (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या फळीला) जोडलेलं असतं, त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब हाताला जाणवतो. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. 55 नॉटला स्टिक हलकी लागली, तर 110 नॉटला तेवढीच ओढायला चौपट जोर हवा. जॉयस्टिकच्या मोटरची ताकद मात्र ठरावीक असते. स्लायडर 100 वर असेल तर ती मध्यम वेगालाच संपू शकते. मग विमान सरळ उडो की सूर मारो, हाताला सगळं सारखंच.

म्हणून सुरुवात 50 पासून करा. विमान उंच न्या आणि नाक खाली करा. वेग वाढेल तसा जोरही शेवटपर्यंत वाढत राहायला हवा. मध्येच वाढायचा थांबला, तर स्लायडर पाच-पाचने खाली आणा. मग उलटं करून पाहा: इंजिन मंद करा आणि नाक हळूहळू उचला. स्टॉल (वेग कमी पडून पंखांचा उचल देण्याचा जोर सुटणं) जवळ येईल तशी स्टिक सैल पडत जाते आणि मुठीत बारीक थरथर सुरू होते. हा सैलपणा ओळखता येऊ लागला की सेटिंग जमलं म्हणून समजा.

डेडझोन, म्हणजे मध्याजवळचा स्टिक हलवूनही परिणाम न होणारा भाग, शून्य ठेवा. सोडलेली स्टिक आपोआप डोलायला लागली तर डॅम्पिंग (हालचालीला होणारा अडसर) थोडं वाढवा.

डीसीएस वर्ल्ड या विमान उडवायच्या गेममध्ये आधी ऑप्शन्समध्ये फोर्स फीडबॅकवर टिक करा, मग कंट्रोल्समध्ये एफएफ ट्यून उघडा. तिथला शेक (थरथर) आम्ही कमीच ठेवतो, कारण जास्त थरथरीत बाकीचे बारकावे बुडतात. पुढे-मागे ट्रिम करताना (हात न लावता स्टिक हव्या त्या जागी राहावी म्हणून तिची मधली जागा बदलताना) स्टिक आडवी सरकत असेल, तर स्वॅप अॅक्सेस (दोन दिशांची अदलाबदल) लावा. ह्यूई हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांना तर ट्रिमचं बटण सोडल्यावर स्टिक आहे तिथेच थांबते, हे सुख साध्या स्प्रिंगच्या स्टिकवर मिळत नाही. एफ-16 या लढाऊ विमानाचं मात्र वेगळं आहे. खऱ्या विमानातही ती स्टिक जेमतेम हलते आणि हवेचा दाब हातापर्यंत येतच नाही.

जुन्या साइडवाइंडर फोर्स फीडबॅक 2 या जॉयस्टिकच्या मुठीत हात ओळखणारा सेन्सर असतो. हात नसला की जोर बंद. एक शाळकरी मुलगा ‘स्टिक मेली’ म्हणून घेऊन आला होता. आमच्या हातात ती ठणठणीत चालत होती. त्याचा छोटा तळवा सेन्सरवर पोचत नव्हता, एवढंच. पकड थोडी वर घ्यायला सांगितली आणि काम झालं.

अशी स्टिक अमेरिकेहून कुणी आणून दिली असेल, तर खालच्या लेबलवरचे व्होल्ट वाचल्याशिवाय प्लग लावू नका. तिकडे 120, आपल्याकडे 230.

काही अडलं तर स्टिक घेऊन दुकानात या. कुठलं विमान उडवता तेवढं सांगा, त्यावरच बसवून देऊ.