अस्तर भिजवलंय ना?

ब्लाउजपीस घेऊन गेलं की आमच्या शिवणाऱ्या ताई माप घेण्याआधी विचारतात, “अस्तर भिजवलंय ना?” नाही म्हटलं की कापड परत पिशवीत. मी बरीच वर्षं हा त्यांचा शिरस्ता समजत होते. सात वर्षांच्या भाचीसाठी एका कधीच न नेसलेल्या साडीचं परकर-पोलकं घरी शिवायला घेतलं, तेव्हा या प्रश्नाचं कारण थेट धाग्यापर्यंत जाऊन शोधलं.

सुती धागा म्हणजे सेल्युलोज, वनस्पतींच्या तंतूंचा मूळ पदार्थ, आणि सेल्युलोज पाणी भराभर शोषतं. भिजला की धागा जाडीत चांगलाच फुगतो, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही. आता वीण डोळ्यांसमोर आणा. ताण्याचा उभा धागा बाण्याच्या आडव्या धाग्यांवरून-खालून नागमोडी जात असतो. आडवे धागे फुगले की प्रत्येकाला वळसा घालताना उभ्या धाग्याची जास्त लांबी खर्ची पडते. धागा तर तेवढाच आहे, म्हणून कापड आखूड होतं. त्यात मागावर ताणा ओढून बसवलेला असतो, तो ताणही पहिल्या पाण्यात सुटतो. सुती कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं ते यामुळे. अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३०च्या सुमारास कापड कारखान्यातच दाबून आधीच आटवून घेण्याची रीत काढली. ‘सॅनफोराइज्ड’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. साध्या अस्तराला ही प्रक्रिया मिळालेली असेलच असं नाही. ती मग आपल्या बादलीत करायची.

साडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि मला तीच सगळ्यात सुंदर वाटते. साडीचा ताणा तिच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे काठाला समांतर धावतो. परकराला काठ खाली हवा असतो, त्यामुळे ताणा घेरात आडवा जातो आणि बाणा उभा लोंबतो. अस्तर मात्र आपण ठाणातून उभं कापतो, म्हणजे त्याचा ताणा उभा. एकाच परकरात दोन कापडं काटकोनात उभी! न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात उंचीला आटतं, वरचं कापड तेवढं आटत नाही, आणि जिथे दोन्ही एकत्र शिवलेली असतात तिथे परकर झोळ धरतो. वरचं कापड घेरात थोडं आटलं तरी चुण्या ते पोटात घेतात.

कात्री लावण्याआधी कापड कशाचं आहे हे कळायला हवं. दुकानात ‘सिल्क’ म्हणून मिळालेल्या साडीवर माझा भरवसा नसतो. पदराच्या टोकाचा एक धागा ओढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि धाग्याला काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, वासही तोच, कारण कागदही सेल्युलोजच. रेशीम प्रथिनाचं, केसही प्रथिनाचे, म्हणून जळक्या केसांचा वास येतो आणि मागे उरलेला काळा मणी बोटांत चुरडतो. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी चुरडत नाही. मिश्र धाग्यात ही खूण फसवते. ताणा आणि बाणा वेगळ्या धाग्यांचे असू शकतात, म्हणून दोन्ही दिशांचे धागे तपासा.

माझी साडी अस्सल रेशमी निघाली. आनंद झाला आणि काळजीही वाटली. घडीत पडलेलं रेशीम विश्रांती घेत नसतं. वर्षानुवर्षं तेच तंतू त्याच जागी वाकलेले राहतात, हवा आणि दमटपणा त्यांना हळूहळू ठिसूळ करतात, आणि जरीचा ताठ धागा शेजारच्या मऊ धाग्याला घडीवर घासत राहतो. साडी खिडकीच्या उजेडासमोर धरली तर विरलेल्या घड्या रेषांसारख्या उजळ दिसतात. तेवढा भाग वगळूनच कापायचं. ‘साडी जपून ठेवलीय’ असं आपण म्हणतो, पण निदान वर्षातून एकदा घडी बदलली नाही, तर ते जपणं नव्हे.

अशा कापडाचा घट्ट ब्लाउज शिवू नये, असं माझं ठाम मत आहे. रेशमाचा धागा गुळगुळीत, शेजाऱ्याशी घर्षण कमी. मुंढ्यापाशी ताण आला की टाके शाबूत राहतात आणि त्यांच्या कडेचे धागेच सरकून फटी पडतात. परकर, सैल कुडता, झबलं यांत शिवणीवर ओढच कमी येते. सुई बारीक, ९ किंवा ११ नंबरची घ्यावी. टीप फार दाट घातली तर पोस्टाच्या तिकिटांच्या भोकांसारखी ओळ तयार होते आणि जुनं कापड तिथूनच फाटतं.

पोलक्याच्या गळ्याला उरेब पट्टी, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, लावली. कापडाचा तुकडा उभा ओढून पाहा, आडवा ओढून पाहा, मग कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरका ओढा. तिरका तो सहज ताणला जातो. धागे मात्र लांबलेले नसतात. चार काड्यांची सैल चौकट तिरकी व्हावी तसे विणीतले चौकोन कलतात, एवढंच. म्हणून उरेब पट्टी गळ्याच्या वळणाला सुरकुती न घालता बसते. पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने यांनी १९२०च्या दशकात याच गुणावर आख्खे झगे बेतले.

शिवणीच्या आत कापड राखून ठेवतो त्याला आपल्याकडे माया म्हणतात. मी बाजूच्या शिवणींत दीड-दीड इंच माया सोडली आणि काठाच्या वर तीन आडव्या टिपा घेऊन कापड दुमडून ठेवलं. भाची उंच झाली की एकेक टीप उसवायची. उजेड रंगाचे रेणू मोडत जातो, पण दुमडीच्या आत तो पोहोचत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी पहिली टीप उसवली की परकरावर गडद जांभळ्या रंगाचा एक पट्टा दिसेल, परकर शिवला त्या दिवशीच्या रंगाचा.