बर्फाच्या बाटलीपेक्षा वारा बरा

उन्हाळा तापला की मासे पाळणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: बाटलीत पाणी गोठवा आणि ती बाटली टाकीत सोडा. पाणी थंड होतं, हे खरं. पण किती थंड होतं आणि पुढे काय होतं, हे सहसा कुणी मोजत नाही. मोजायला शाळेतला विशिष्ट उष्माधारकतेचा धडा आठवला तरी पुरतो.

६० लिटरची टाकी घेऊ. एक लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने उतरवायला ४.२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, म्हणजे ६० लिटरला सुमारे २५०. फ्रीझरमधून काढलेली अर्ध्या लिटरची बाटली वितळून टाकीतल्या पाण्याइतकी कोमट होईपर्यंत जेमतेम तेवढीच उष्णता शोषते. थोडक्यात, बाटलीमागे एक अंश. चार अंश हवेत तर चार बाटल्या. त्या वितळल्या की खोलीतली उष्णता काचेतून पुन्हा आत शिरायला मोकळी. दुपारी ३२, संध्याकाळी २८, रात्री परत ३१, असा झोका सुरू होतो.

आता दुसरं गणित, वाऱ्याने पाणी उडण्याचं. या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता खर्च होते. हा बाष्पनाचा अप्रकट उष्मा. १०० मिलिलिटर पाणी उडून गेलं की २४० किलोज्यूल गेले. म्हणजे अर्धा लिटर बर्फ जे काम करतो, तेच काम अर्धी-पाऊण वाटी पाण्याची वाफ करते, तेही हळूहळू, तासन् तास, फ्रीझरच्या खेपा न घालता.

हळूहळूला इतकं महत्त्व का? मासा शीतरक्ती, त्याचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं. पाणी १० अंशांनी तापलं की त्याची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. नेमका तेव्हाच पाण्यातला प्राणवायू घटतो: २० अंशांना लिटरमध्ये ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.६. म्हणून उकाड्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात. त्यात माशांच्या विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या अमोनियाची भर. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा, ८ असेल तर २० अंशांना एकूण अमोनियापैकी जवळपास ४ टक्के विषारी रूपात असतो, ३० अंशांना साडेसात. उलट, तापमान झपकन खाली गेलं की प्रतिकारशक्ती ढासळते आणि दोन-चार दिवसांत अंगावर साखर भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. मासा घरावरचं संकट अंगावर घेऊन मेला, असं म्हणण्याआधी तापमापी पाहावी. आणि ‘तापमानाचा ताण घालवणारे’ थेंबही विकत घेऊ नयेत; बाटलीतला कोणताही थेंब २५० किलोज्यूलचा हिशोब चुकवू शकत नाही.

दिवसाला एक-दोन अंशांचा चढउतार बहुतेक मासे सहज सोसतात. नैसर्गिक पाण्यातही तो असतोच. पाणी उतरवायचं झालं तर तासाला एक अंशाहून वेग नको.

तर वारा. पाण्याला टेकलेला हवेचा पातळ थर बाष्पाने जवळजवळ भरलेला असतो. तो जागचा हलला नाही तर नवी वाफ जाणार कुठे? पंखा हा थर सरकवतो आणि त्याच्या जागी कोरडी हवा आणतो. याची मर्यादा ठरते ‘वेट बल्ब’ तापमानाने, म्हणजे तापमापीच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळून वारा घातल्यावर दिसतं त्या तापमानाने. हवा ३४ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर हे तापमान सुमारे २४ भरतं. आर्द्रता ८० टक्के झाली की तेच ३१ वर जातं. कितीही मोठा पंखा लावा, पाणी या रेषेखाली जाणार नाही. प्रत्यक्षात तर रेषेच्या बरंच वर थांबतं, कारण काचेतून उष्णता आत येत राहते. साठ लिटरच्या टाकीत खोली आणि पाणी यांच्यातल्या दर अंश फरकामागे साधारण ६-७ वॅट आत शिरतात. पाणी खोलीपेक्षा ३ अंश खाली धरायचं तर सतत २० वॅट बाहेर काढायचे, म्हणजे दिवसाला सुमारे ७०० मिलिलिटर पाणी उडवायचं. दमट दिवसात पंखा फिरतो आणि पाणी तसंच राहतं, त्याचं कारण हेच. पंखा बिघडलेला नसतो.

बसवायला १२ व्होल्टचा, १२ सेंटिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा पुरतो. तो सरळ खाली तोंड करून नको, तिरका हवा. वारा पृष्ठभागावरून सरकत पलीकडून बाहेर पडला पाहिजे. झाकण बंद असेल तर तीच दमट हवा आत फिरत राहते, म्हणून झाकण काढून बारीक जाळी टाकावी, कारण गप्पी आणि बेट्टा उड्या मारतात. वायर आधी सॉकेटच्या खालपर्यंत लोंबेल आणि मग वर सॉकेटकडे जाईल अशी सोडावी, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता त्या लोंबत्या वळणावरून खाली टपकतं.

इथे एक चूक फार होते. पंखा दिवसरात्र चालू ठेवला की पहाटे गार हवेत पाणी नको तितकं खाली जातं, म्हणजे झोका थांबवायला लावलेला पंखाच झोका तयार करतो. त्यासाठी प्रोबवाला, म्हणजे पाण्यात सोडायची तापमान मोजणारी तार असलेला, तापमान नियंत्रक हवा. २८ अंशांना पंखा सुरू, २७ ला बंद. हीटर २५ ला सुरू, २६ ला बंद. मधली मोकळी जागा ठेवलीच पाहिजे, नाहीतर हीटर तापवतो, पंखा थंड करतो आणि दोघं एकमेकांशी भांडत राहतात. प्रोब काचेला पक्का चिकटवा. तो सुटून बाहेर गार हवेत लोंबकळला तर नियंत्रकाला पाणी गार वाटतं आणि हीटर बंद होतच नाही.

हीटरबद्दल ‘लिटरला एक वॅट’ असा ढोबळ नियम आहे. १०० वॅटचा हीटर ६० लिटर पाणी पाऊण तासाहून कमी वेळात एक अंशाने चढवतो. अडचण बिघाडात आहे. साध्या थर्मोस्टॅटमधल्या द्विधातू पट्टीचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी कधीकधी चिकटून बसतात आणि हीटर चालूच राहतो. वरचाच ६-७ वॅटचा आकडा धरा: १०० वॅट सतत मिळाले तर पाणी खोलीपेक्षा १५ अंश वर जाऊन स्थिरावेल. खोली २० अंश असेल तर पाणी ३५ ला, आणि मासे गेले. त्याऐवजी ५० वॅटचे दोन हीटर लावले आणि एक अडकला, तर पाणी २७-२८ च्या आसपास थांबतं. एक बंदच पडला तरी दुसरा अर्धं काम करतो. दोन्ही फिल्टरच्या प्रवाहात, प्रोबपासून लांब ठेवा. पाणी हललं नाही तर वर गरम आणि तळाशी गार असे थर बसतात.

पंपही उष्णता देतो, हे बहुतेक जण विसरतात. पाण्यात बुडालेल्या १५ वॅटच्या पंपाची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, म्हणजे आपोआप दोनेक अंशांची वाढ. थंडीत ती कामी येते, उन्हाळ्यात नडते. थंडीत टाकीखाली आणि मागे थर्माकोल लावून वर झाकण ठेवलं की पुष्कळ काम होतं. टाकी जितकी लहान, तितका आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून टेबलावरचा देखणा गोल काचेचा बाऊल या बाबतीत सर्वांत वाईट.

पाणी बदलतानाचा झोका मात्र आपल्याच हातचा. २८ अंशांच्या ६० लिटरमधलं १५ लिटर काढून २० अंशांचं पाणी भरलं, तर तापमान २६ होतं, तेही काही मिनिटांत. नवं पाणी बादलीत टाकीच्या एक अंश आत आणून मगच ओता. पाणी काढण्याआधी पंधरा-वीस मिनिटं हीटर बंद करा, कारण तापलेली नळी उघडी पडून गार पाणी लागलं की तडकते. पंख्यामुळे उडालेलं पाणी भरून काढताना नळाचं नको, आरओचं घ्या. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. रोज ७०० मिलिलिटर म्हणजे महिन्याला २१ लिटर, आणि तेवढ्या नळाच्या पाण्यातले सगळे क्षार टाकीतच साठत राहतात.