वैद्यकीय क्राउडफंडिंग

उपचारांचा खर्च भागवण्यासाठी इंटरनेटवरील मंचांमार्फत अनेकांकडून, मुख्यतः अनोळखी लोकांकडून, लहानमोठ्या रकमा गोळा करण्याची पद्धत. ‘लोकवर्गणी’, ‘लोकनिधी’ असे प्रतिशब्द सुचवले गेले असले तरी बोलण्यात क्राउडफंडिंग हाच शब्द रुळला आहे.

उगम : हा शब्द इंग्रजीत साधारणतः २००६ च्या सुमारास प्रचारात आला, असे मानतात, कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. तिचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक न्यूयॉर्कमधील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्याकडे बोट दाखवतात. १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आवाहन करून या कामासाठी एक लाखाहून अधिक डॉलर जमवले. दीड लाखाहून अधिक लोकांनी त्यात भर घातली आणि त्यांतील बहुतेकांचे दान एका डॉलरपेक्षाही कमी होते. दुसरा पक्ष १९९७ पासून आरंभ मानतो. त्या वर्षी मॅरिलियन या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या चाहत्यांनी इंटरनेटवरून पैसे जमवून त्यांचा अमेरिका दौरा घडवून आणला. तांत्रिक अंगाने दुसरे मत योग्य असेल. पण आजारपणासाठी मागितलेली मदत आणि चाहत्यांनी दिलेली वर्गणी यांची जातकुळी एक नाही.

मराठी वाचकाला येथे पैसा फंड आठवेल. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधारणपणे एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या संधिकाळातील. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या निधीतून १९०८ च्या सुमारास तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. देणाऱ्याची ऐपत न पाहता संख्येवर भिस्त ठेवणे, हे पैसा फंड आणि आजचे मंच यांतील साम्य ठळक आहे. मात्र पैसा फंडाचा हेतू सार्वजनिक होता. एका घरावर आलेल्या संकटासाठी पैसे उभे करण्याची आपल्याकडची रीत वेगळी : कचेरीत टेबलाटेबलावरून फिरणारी नावे व आकडे लिहिलेली यादी, ज्ञातिसंस्थेची मदत, वर्तमानपत्रातील ‘मदतीचे आवाहन’ ही चौकट. वैद्यकीय क्राउडफंडिंग या रीतीचेच पुढचे रूप आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. फरक एकच, पण मोठा. यादी रुग्णाला ओळखणाऱ्यांत फिरते, वेबपृष्ठ न ओळखणाऱ्यांत. ओळखीने जे आपसूक साधत होते ते आता छायाचित्राला आणि कहाणीला साधावे लागते.

प्रसार : अमेरिकेत २००८ मध्ये गिव्हफॉरवर्ड आणि २०१० मध्ये गोफंडमी हे मंच सुरू झाले. भारतात २०१० मध्ये बंगळूरचे मिलाप (आरंभी लहान कर्जांसाठी), २०१२ मध्ये मुंबईचे केटो आणि २०१४ मध्ये मुंबईचेच इम्पॅक्टगुरू आले. २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर दहा-वीस रुपयेही सहज पाठवता येऊ लागले. मुळाशी कारण मात्र जुनेच आहे : राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आरोग्यावरील एकूण खर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, तरी हा भारही मोठाच आहे.

कार्यपद्धती : रुग्णालयाचे अंदाजपत्रक (बोलीभाषेत ‘एस्टिमेट’), ओळखपत्रे आणि वैद्यकीय अहवाल दिल्यावर पृष्ठ सुरू होते. नळ्या लावलेल्या रुग्णाचे छायाचित्र, खाली जमलेल्या रकमेची सरकती पट्टी, त्याखाली देणाऱ्यांची नावे. त्यांत ५१, १०१, ५०१ असे आकडे वारंवार दिसतात. आहेराच्या पाकिटातला वरचा एक रुपया येथेही सुटत नाही. पहिली रक्कम बहुधा नातेवाइकांच्या आणि शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप गटांतून येते. तिथे जोर धरला नाही तर मोहीम पुढे सरकणे अवघड असते. काही मंचांनी शुल्क शून्यावर आणले असून त्याऐवजी देणाऱ्याकडे ऐच्छिक ‘टिप’ मागितली जाते.

कायदा : भांडवल बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने जून २०१४ मध्ये क्राउडफंडिंगविषयी विचारार्थ टिपण प्रसिद्ध केले, त्यात देणगी, मोबदला, कर्ज आणि भागभांडवल असे चार प्रकार केले होते. सेबीचा भर रोख्यांवर होता. कर्जाच्या प्रकारासाठी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम केले. देणगीच्या प्रकारासाठी मात्र स्वतंत्र कायदा झाला नाही. आयकरातील ‘८०जी’ या नावाने ओळखली जाणारी सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. व्यक्तीच्या खात्यात थेट पाठवलेल्या रकमेवर नाही. परदेशातील मराठी मंडळींच्या दृष्टीने परदेशातून येणाऱ्या देणग्यांचे नियमन करणाऱ्या विदेशी अंशदान कायद्यातील एक भेद महत्त्वाचा आहे : भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही, परंतु परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीची ठरते. एकाच घरातल्या दोन भावंडांना हा नियम वेगवेगळा लागू होऊ शकतो.

दुर्मीळ आजार : या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या जनुकीय आजाराच्या निमित्ताने दिसल्या. त्यावरील झोलजेन्स्मा या एकाच मात्रेच्या औषधाला अमेरिकेत मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली. किंमत सुमारे २१ लाख २५ हजार डॉलर. २०२१ च्या आरंभी मुंबईतील एका तान्ह्या मुलीसाठी सुमारे १६ कोटी रुपये लोकांनी उभे केले आणि केंद्र सरकारने सुमारे ६ कोटींचे आयात शुल्क व कर माफ केले. सप्टेंबर २०२१ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने या औषधाच्या वैयक्तिक आयातीवरील कर काढला. एप्रिल २०२३ पासून दुर्मीळ आजारांवरील औषधांच्या वैयक्तिक आयातीवरील मूळ सीमाशुल्कही हटले. एका बाळासाठी धावलेल्या लोकांमुळे पुढच्या बाळांची वाट थोडी मोकळी झाली, ही या पद्धतीची सर्वांत मोलाची कमाई मानावी लागेल.

मार्च २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सर्वाधिक खर्चाच्या आजारांसाठी सरकारी क्राउडफंडिंग संकेतस्थळाचीच तरतूद आहे. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे या धोरणाखाली अशा आजारांच्या उपचारांसाठी नेमलेले एक ‘उत्कृष्टता केंद्र’. २०२२ मध्ये शासकीय साहाय्याची मर्यादा ५० लाखांपर्यंत वाढवली गेली. १६ कोटींच्या औषधापुढे तीही तोकडी पडते. लोकांनी स्वेच्छेने केलेले काम शासनाच्या धोरणाचा आधार व्हावे, ही गोष्ट गंभीर आहे.

टीका : कॅनडातील नीतितज्ज्ञ जेरेमी स्नायडर यांनी रुग्णाच्या खासगीपणाचा आणि न्यायाचा प्रश्न मांडला. अमेरिकेतील संशोधक नोरा केनवर्दी आणि लॉरेन बर्लिनर यांनी २०१७ मध्ये गोफंडमीवरील २०० वैद्यकीय मोहिमा तपासल्या. सुमारे ९० टक्के मोहिमा उद्दिष्टापर्यंत पोहोचल्या नव्हत्या. मदत गरजेनुसार नव्हे, तर ओळखींनुसार आणि कहाणी मांडण्याच्या कौशल्यानुसार वाटली जाते, हा त्यांचा निष्कर्ष. भारतीय मोहिमांनाही तो लागू पडावा. बाळाच्या छायाचित्राला जो प्रतिसाद मिळतो तो साठीतल्या डायलिसिसच्या रुग्णाला मिळत नाही, आणि डायलिसिस तर आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे लागते.

महाराष्ट्रात पृष्ठ सुरू करण्याआधी काही हक्क तपासणे आवश्यक असते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ एए खालील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि मुख्यमंत्री सहायता निधी हेही मार्ग आहेत. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाची खोली बहुधा तळमजल्यावर, बिलाच्या खिडकीपासून दूर असते. घाबरलेल्या नातेवाइकाच्या हाती तिच्याआधी मोबाइल येतो.

उरलेला निधी : २०२१ मध्ये केरळात एका बालकासाठी १८ कोटींचे आवाहन केले असता ४६ कोटींहून अधिक रुपये जमले, उरलेली रक्कम त्याच आजाराच्या इतर मुलांसाठी वापरण्याचे जाहीर झाले. रुग्ण दगावल्यास किंवा रक्कम उरल्यास तिचे काय करावे, हे मंचाच्या अटींवर आणि कुटुंबाच्या निर्णयावर सोपवलेले असते.