दुचाकी अपघात : कारणे आणि प्रतिबंध

मोटारसायकल, स्कूटर किंवा मोपेड घसरून, कलंडून अथवा दुसऱ्या वाहनाला, जनावराला वा अडथळ्याला धडकून होणारा अपघात. भारतातील रस्त्यांवर जीव गमावणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्या माणसांचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशभरात १,६८,४९१ जण रस्त्यांवर मृत्युमुखी पडले. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होते. कारणाच्या रकान्यात बहुधा ‘अतिवेग’ लिहिलेले असते. ते खोटे नसले तरी अपुरे आहे. थांबायला जेवढे अंतर लागते तेवढा रस्ता समोर मोकळा नसणे, हेच निरनिराळ्या अपघातांच्या मुळाशी सापडते.

ब्रेक आणि अंतर

ताशी ६० किमी वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत साधारण एवढाच वेळ जातो. त्यानंतर कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर आणखी २३ मीटर लागतात. एकूण ४० मीटर. वेग ८० असेल तर हेच अंतर ६० मीटरच्या पुढे जाते. फक्त मागच्या ब्रेकवर विसंबणाऱ्याला तर ६० च्या वेगातही प्रत्यक्ष ब्रेकिंगलाच जवळजवळ ४० मीटर लागतात.

पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, ही समजूत गावोगाव पक्की आहे आणि ती जिवावर बेतते. ब्रेक लागताच गाडीचा व चालकाचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते. त्यामुळे जोरात थांबताना सुमारे ७० टक्के काम पुढच्याच ब्रेकला करावे लागते. मागचा ब्रेक एकटाच खच्चून दाबला की हलके झालेले चाक जागीच अडकते आणि गाडी फरफटत आडवी होते. पुढचे चाक अडकते ते मात्र लिव्हर झटक्याने ओढल्यामुळे, भार पुढे यायच्या आत. म्हणून लिव्हर आधी हलकी दाबून पुढचा काटा (पुढच्या चाकाला धरणारे दोन दांडे) जरा खाली बसू द्यावा आणि मग जोर वाढवत न्यावा. हँडल सरळ ठेवावे. वळलेल्या हँडलवर किंवा खडीवर हाच जोर चालत नाही. रिकाम्या मैदानात ताशी ३० किमी वेगाने याचा सराव करता येतो. लायसनच्या चाचणीत याची फारशी परीक्षा होत नाही, ही उणीवच म्हणायची.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि लहान गाड्यांना किमान सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा) सक्तीचे झाले. एबीएस चालू झाले की लिव्हर थरथरते. घाबरून ती सोडू नये. सिंगल चॅनल प्रकारात ही सोय फक्त पुढच्या चाकाला असते. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबल्यावर पुढचाही थोडा लागतो, पण थोडाच. पुढची लिव्हर वेगळी दाबावीच लागते.

चौक आणि मोठी वाहने

अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले. अहवाल १९८१ साली आला. सुमारे तीन चतुर्थांश अपघातांत दुसरे वाहन गुंतलेले होते आणि त्यांपैकी दोन तृतीयांशांत दुसऱ्या चालकाने मोटारसायकलचा मार्ग अडवला होता. त्याला दुचाकी दिसलीच नव्हती, किंवा फार उशिरा दिसली. आपल्याकडे हाच प्रकार समोरून येऊन उजवीकडे वळणाऱ्या रिक्षा-मोटारींबाबत आणि दुभाजकातल्या फटीतून अचानक निघणाऱ्या वाहनांबाबत घडतो. अशा जागी वेग उतरवून दोन बोटे ब्रेकवर ठेवावीत. समोरच्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या पुढच्या चाकाकडे पाहावे. गाडी वळणार हे चाकावरून आधी कळते. आपण दिसावे म्हणून एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालूच राहतो.

ट्रक आणि एसटी डावीकडे वळताना मागचे चाक पुढच्यापेक्षा आतून जाते. डावीकडच्या फटीत घुसलेला दुचाकीस्वार ड्रायव्हरला दिसत नाही आणि त्या चाकाखाली सापडतो. ट्रकच्या आरशात त्याच्या ड्रायव्हरचे तोंड आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही असे धरून चालावे.

घाट

वळणावर गाडी किती कलवावी लागेल हे वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) ठरते. ३० मीटर त्रिज्येच्या वळणाला ताशी ४५ किमी वेगात सुमारे २८ अंश कल पुरतो. ६० ला तो ४३ अंशांवर जातो आणि ओल्या रस्त्यावर तेवढी पकड टायरला मिळत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना उतरवायचा. वेग जास्त झाल्याचे वळणात लक्षात आले, तर नजर दरीकडच्या कठड्यावर खिळते आणि गाडीही तिकडेच जाते. नजर वळणाच्या पुढच्या टोकाला ठेवावी. उजव्या वळणात आणखी एक धोका असतो. चाके आपल्या बाजूला असली तरी कललेल्या चालकाचे डोके मधल्या पट्टीपलीकडे, समोरून येणाऱ्या एसटीच्या वाटेत जाते. अशा वळणात चाके पट्टीपासून हातभर दूर ठेवूनही भागत नाही, लेनच्या डाव्या भागातच राहावे लागते.

उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणे घातक. जो गिअर चढायला लागला असता तोच उतरायला ठेवावा. बिनगिअरच्या स्कूटरचे मात्र कोडे वेगळे. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून वेग कमी झाला की तिचा सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनाच्या वेगावर आपोआप जोडला-सुटणारा) सुटतो आणि इंजिनाचा अडसर संपतो. मग सगळा भार ब्रेकवर. सतत दाबलेला ड्रम ब्रेक तापून पकड सोडतो. ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या घाटात ब्रेक धरून न ठेवता थोडा वेळ जोरात लावून सोडावा आणि वास आला किंवा लिव्हर सैल लागली की थांबून तो निवू द्यावा.

रस्ता, पाऊस, रात्र

सर्वांत निसरडा पाऊस पहिला. महिनोन्महिने साचलेले ऑइल आणि धूळ वर येते. जोरदार सर येऊन ती धुऊन जाईपर्यंत रस्ता साबणासारखा असतो. झेब्रा पट्टे, मॅनहोलची झाकणे, पुलांवरचे लोखंडी सांधे यांवर ब्रेक लावू नये. कोकण-गोव्यात मासळीच्या गाड्यांतून गळणारे पाणी आणि शेतातून आलेल्या ट्रॅक्टरचा चिखल यांनी कोरड्या दिवसातही गाडी घसरते. टायरच्या खाचांतल्या झिजेच्या खुणा नक्षीला टेकल्या की टायर बदलावा. ‘गोटा’ झालेला टायर पावसात निरुपयोगी.

गळीत हंगामात, दिवाळीपासून पुढे चार-पाच महिने, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर भागात रात्री उसाच्या ट्रॉल्यांना मागून धडकण्याचे अपघात होतात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, लोंबणाऱ्या उसाने झाकलेला रिफ्लेक्टर आणि मागे दिवा नाही. पंक्चर झालेली ट्रॉली दगड लावून रस्त्यातच सोडतात. ती गेल्यावरही दगड तिथेच राहतात. डिपरचा उजेड साधारण ३०-४० मीटर पडतो, म्हणजे ६० च्या वेगात ट्रॉली दिसली तरी थांबता येत नाही. समोरून गाडी येत असेल तेव्हा वेग ४०-४५ वर आणण्याला पर्याय नाही.

मागे बसणारे

ओढणी किंवा पदर मागच्या चाकात अडकून गळ्याला फास बसतो वा बाई फेकली जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण, पाय ठेवायला पायदाणी आणि धरायला मूठ आवश्यक आहे. दिसायला बरे म्हणून हा साडीगार्ड काढून टाकतात. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला पट्ट्याने चालकाशी बांधणे, हेल्मेट घालणे आणि वेग ४० च्या आत ठेवणे फेब्रुवारी २०२३ पासून बंधनकारक आहे.

हेल्मेट अपघात टाळत नाही; मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटवते. ते आयएस ४१५१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेले घ्यावे. पट्टा बांधून हेल्मेट मागून वर ओढले तर ते निघता कामा नये. एकदा आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतला थर्माकोल दबलेला असतो, ते बदलावे.